मिस्त्रीचा मुलगा आणि डब्यातला टीव्ही गेम

गेल्या रविवारी कोंढव्याला बहिणीकडे गेलो होतो. जेवणं झाली आणि भाच्यानं माझ्यापुढे एक प्लास्टिकचा डबा आणून ठेवला. डाळ-तांदूळ ठेवायचा असतो तसा. झाकणाला चौकोनी भोक पाडून त्यात छोटा स्क्रीन बसवलेला, दोन्ही बाजूंना बटणं, मागे एक स्विच. "मामू, स्विच चालू करा." केला. आणि आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला झोपेतही ओळखू येईल अशी ती धून वाजली. टोपीवाला मारिओ त्या डब्यात पळू लागला.

१९९०च्या दशकात पुण्यात वाढलेल्यांना ‘टीव्ही गेम’ वेगळा सांगायला नको. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. आपल्याकडे आल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कार्ट्रिजमध्ये प्रत्यक्षात पाच-दहाच गेम निघायचे. त्याही चोरीच्या नकला होत्या, हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली. असंच एक यंत्र भाच्याला जुन्या बाजारात भंगाराच्या भावात मिळालं. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बाकीचे सुटे भाग बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणले. स्क्रीन गाडी मागे घेताना कॅमेरा दाखवतो तो. बॅटरीचे सेल एका मेलेल्या लॅपटॉपमधले.

आता कुणी म्हणेल, यात काय विशेष? मोबाइलवर असले शंभर गेम फुकट मिळतात. खरं आहे. पण मोबाइलवर तो गेम खेळला असता, तर त्याला फक्त गेम मिळाला असता. डबा बनवताना काय मिळालं ते त्यानं मला तासभर सांगितलं.

एक उदाहरण देतो. रिमोटवर बटणं आठ, पण यंत्राकडे जाणाऱ्या तारा पाचच. दोन विजेच्या, तीन संदेशाच्या. आठ बटणांची खबर तीन तारांतून कशी जाते? यंत्र सेकंदाला पन्नास-साठ वेळा रिमोटला विचारतं, "आत्ता कोणकोणतं बटण दाबलंय?" पहिली तार म्हणते, आहे ती स्थिती धरून ठेव. दुसरी म्हणते, एकेक करून सांग. आणि तिसरीवरून आठ उत्तरं रांगेत येतात. दहावी झालेल्या या पोरानं हे वहीच्या पानावर चित्र काढून मला समजावलं. शाळेत विज्ञानात त्याला जेमतेम गुण होते, हेही सांगून ठेवतो.

मूळ यंत्राची कामचलाऊ मेमरी होती २ किलोबाइट. १९८५चा सुपर मारिओ हा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये मावला. आज एक साधा फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो. जागा वाचवायला त्या लोकांनी आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकाच आकृतीतून काढली, फक्त रंग बदलला. भाच्यानं हे दाखवलं तेव्हा मी चाट पडलो. इतकी वर्षं पाहूनही ते मला दिसलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. आमचे दुल्हेभाई, म्हणजे या मुलाचे वडील, स्वतः टीव्ही मिस्त्री. कॅम्पात त्यांचं छोटं दुकान होतं. पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते तोवर बरं चाललं. मग सपाट टीव्ही आले. त्यात बिघडलेला भाग शोधून बदलायची पद्धत मागे पडली, सरळ अख्खा बोर्ड बदलायचा. तोही कंपनीनं दिला तर. दुकान बंद झालं. आज ते एका सोसायटीत इलेक्ट्रिशियनचं काम करतात. मुलगा म्हणतो, मला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचाय, नाहीच मिळाला तर औंधच्या आयटीआयला जाईन. बाप म्हणतो, अकरावी सायन्स घे, कॉम्प्युटर कर, ऑफिसात बस. "मिस्त्रीच्या पोरानं मिस्त्रीच व्हायचं का? वीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहिलोय मी. पाणीसुद्धा वेगळ्या ग्लासातून देतात काही जण."

या वाक्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. घरात बसून ‘हातांच्या कौशल्याचं महत्त्व’ लिहिणं माझ्यासारख्याला सोपं आहे. माझ्या हाताला कधी सोल्डरिंगचा चटका बसलेला नाही.

तरीही मला वाटतं, दुल्हेभाईंचा राग बरोबर आहे, पण तो चुकीच्या जागी पडतोय. त्यांचा अपमान कामानं केलेला नाही, त्या कामाला किंमत न देणाऱ्यांनी केलाय. आणि त्यात आपणही आलो. आपल्या मोहल्ल्यांत वेल्डर, गॅरेजवाले, एसीवाले, प्लंबर किती आहेत ते मोजा. जलशांत, भाषणांत आपण ‘हुनर’ म्हणून त्यांचे गोडवे गातो. मुलीचं स्थळ बघायची वेळ आली की विचारतो, "मुलगा ऑफिसात आहे ना?" हुनर शब्दाला इज्जत आणि हुनरवाल्याला मागचं दार, असा हा आपला हिशेब.

याच जिल्ह्यात याच्या उलट उदाहरणं आहेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. भरीव पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी दोरखंडांवर ताणून बसवायची, म्हणजे वजनही कमी आणि खर्चही, ही प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कल्पना. आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवलं, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे हातात पक्कड धरणाऱ्याला आपण मान देतो, फक्त आधी त्याच्या नावापुढे पदवी लागते. भंगारातून डबा बनवणारा कोंढव्याचा पोरगा आणि हे मोठे लोक यांची बरोबरी मी करत नाही. पण ‘आहे त्यातून कसं भागवायचं’ हा प्रश्न एकच आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायचे असं म्हटलंय. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायचं. कल्पना चांगली आहे. माझी मागणी एवढीच की त्या यादीत टीव्ही मिस्त्रीही हवा, आणि त्याला त्या दिवसाचा मेहनताना द्यावा. शाळेच्या फळ्यासमोर दुल्हेभाईंना ‘सर’ म्हणून उभं राहिलेलं त्यांच्या मुलानं एकदा पाहावं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. असल्या डब्यात धोका असतो. लॅपटॉपचे जुने लिथियम सेल चुकीचे जोडले, त्यांना सोल्डरिंगचा जास्त चटका दिला किंवा चार्जिंगला संरक्षक सर्किट लावलं नाही, तर ते पेट घेऊ शकतात. एकट्या मुलानं हे करू नये. शेजारी जाणता माणूस हवा. आणि असा जाणता माणूस कुठे मिळतो? दुकान बंद पडलेल्या मिस्त्रीच्या घरात.

तसंच झालं. डबा आधी पाऊण तासातच बंद पडायचा. भाचा आठवडाभर डोकं खाजवत होता. एका रात्री दुल्हेभाई कामावरून आले, काही न बोलता बोर्डावर बोट ठेवलं आणि झटकन काढलं. म्हणाले, "हा भाग एवढा तापतोय. सेलपासून नऊ व्होल्ट बनवतोस आणि हा परत पाच करतो. मधले चार व्होल्ट नुसते जाळतोस. काढून टाक हा. सरळ पाच बनव." म्हणजे जवळपास निम्मी वीज उष्णतेत जात होती. सेलला तपासायला त्यांनी जुन्या पेटीतून स्वतःचा मीटर काढला. दुकान बंद झाल्यापासून ती पेटी उघडली नव्हती, असं बहीण म्हणाली.

आता डबा दीड तास चालतो.

प्रवेशाचा अर्ज अजून भरलेला नाही. दुल्हेभाई अकरावीवर अडून आहेत, भाचा डिप्लोमावर. मी दोघांना इतकंच सांगितलं की डिप्लोमा केल्यावर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं, दार बंद होत नाही. यावर दुल्हेभाई हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. निघताना पाहिलं तर डबा त्यांच्या हातात होता आणि मारिओ पुन्हा पुन्हा पहिल्याच खड्ड्यात पडत होता.

तुमच्या घरात एखादं पोर स्क्रू ड्रायव्हर घेऊन जुना रेडिओ उघडून बसलं असेल, तर ओरडण्याआधी प्लग काढलाय का एवढं बघा. मग शेजारी बसा.