घरपट्टी माफ नको, हिशेब हवा



पालिकेची निवडणूक आली की घरपट्टीमाफीची घोषणा ठरलेली असते. २०१७ च्या निवडणुकीत दिलेले वचन १ जानेवारी २०२२ रोजी सरकारने पाळले आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर पूर्ण माफ झाला. सोळा लाखांहून अधिक घरांना लाभ मिळाला आणि चारशे कोटींहून अधिक रुपयांच्या वार्षिक उत्पन्नावर पाणी सोडले गेले. आता ही मर्यादा ७०० चौरस फुटांवर न्यावी, अशी भाषा सुरू आहे. सोळा लाख घरांत चारशे-साडेचारशे कोटी वाटले, तर एका घराच्या वाट्याला वर्षाकाठी अडीच ते तीन हजार रुपये येतात, म्हणजे महिन्याला दोनशे ते अडीचशे. बहुतेक सोसायट्यांत एका महिन्याचा मेंटेनन्ससुद्धा यापेक्षा जास्त असतो. एवढ्या रकमेच्या बदल्यात आपण काय देऊन बसलो, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे. आमचे म्हणणे एवढेच, की पालिकेला जाब विचारण्याचा मुंबईकराचा सर्वांत पक्का आधार घरपट्टी हा आहे. तो आधार काढून घेणाऱ्याचे आभार मानण्याचे कारण नाही.

आपण आयकर भरतो तो केंद्राच्या तिजोरीत जातो. वस्तू व सेवा कर केंद्र आणि राज्य वाटून घेतात, त्यात महापालिकेचा म्हणून वेगळा वाटा नाही. शहराचा संसार मात्र पालिकेच्या गळ्यात आहे. मालमत्ता कराचे देयक उलगडून पाहिले, की हा संसार खर्चाच्या बाबींसह समोर येतो: सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर. राज्य शिक्षण उपकर त्याच देयकातून वसूल होऊन राज्याकडे जातो, बाकीचा पैसा शहरात राहतो. शंभर किलोमीटरहून लांबून येणारे धरणाचे पाणी, रोजचा कचरा, गटारे, अग्निशमन दल, पालिकेच्या शाळा, केईएम, नायर आणि शीव ही रुग्णालये असा हा पसारा आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या आरोग्यासाठी सात हजार कोटींहून अधिक तरतूद होती आणि मालमत्ता कराचे अपेक्षित उत्पन्न होते ५,२०० कोटी. म्हणजे शहरातली सारी घरे, दुकाने, कचेऱ्या आणि कारखाने मिळून जी घरपट्टी भरतात, तिच्यात आरोग्य खात्याचेही भागत नाही. कर माफ झाला म्हणून यातला एकही खर्च माफ झालेला नाही.

मग उरलेला पैसा येतो कुठून? १ जुलै २०१७ पर्यंत तो जकातीतून येत असे. जकातीचे नाव काढले की नाक्यांवरची रांग आणि चिरीमिरी आठवते, ते खरेच आहे. पण वर्षाला सुमारे सात हजार कोटी देणारा तो पालिकेचा स्वतःचा कर होता. वस्तू व सेवा कर आला, जकात गेली आणि तिच्या जागी राज्य सरकारकडून नुकसानभरपाई सुरू झाली. ती दर वर्षी आठ टक्क्यांनी वाढते आणि २०२५-२६ मध्ये तिचा अंदाज होता १४,३९८ कोटी, मालमत्ता कराच्या पावणेतीनपट. याच अर्थसंकल्पातला आणखी एक आकडा प्रत्येक मुंबईकराने लक्षात ठेवावा. इमारत प्रस्ताव, वाढीव चटईक्षेत्र आणि त्यावरचे अधिमूल्य, म्हणजे विकास नियोजन खात्याच्या मार्गाने येणारे उत्पन्न ९,७०० कोटी धरले होते. पालिकेला पैसा पुरवणाऱ्यांत पहिला राज्य सरकार, दुसरा बिल्डर आणि शहरात राहणारा तिसरा, अशी ही उतरंड आहे.

पालिकेचे कान कोणाकडे वळतात, हे या उतरंडीवरून ठरते. भरपाई मंत्रालयातून येते, म्हणून तिजोरीची चावीही मंत्रालयात राहते. अधिमूल्य नव्या मजल्यांतून येते, म्हणून आणखी मजल्यांना परवानगी देण्यात पालिकेचा सरळ आर्थिक स्वार्थ निर्माण होतो; त्या मजल्यांना लागणारे पाणी, रस्ते आणि मैदाने कुठून आणायची, हा प्रश्न मागे पडतो. अधिमूल्य एकदाच मिळते, नव्या रहिवाशांचा खर्च मात्र कायमचा असतो. घरपट्टी दर वर्षी येते आणि जो सेवा वापरतो त्याच्याकडूनच येते. तिचे उत्पन्न वाढायचे असेल, तर राहण्याजोगे शहर टिकवावे लागते. हा आधार सैल झाल्याचा परिणामही दिसला: ७ मार्च २०२२ रोजी पालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे एकामागून एक अर्थसंकल्प नगरसेवकांच्या मताविना प्रशासकाच्या सहीने मंजूर झाले. हजारो कोटींचे हे निर्णय होताना शहर फारसे पेटून उठले नाही. लोकशाहीविषयीची अनास्था हे त्याचे एक कारण असेल. पण पैसा आपल्या खिशातून जातो आहे ही जाणीव बोथट झालेली असणे, हेही एक कारण आहे.

आमच्या या म्हणण्यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप असा, की लहान घरात राहणाऱ्या गरिबाला कर परवडत नाही. गरिबाला सवलत हवी, याबद्दल वाद नाही. वाद मोजपट्टीबद्दल आहे. चौरस फूट म्हणजे उत्पन्न नव्हे. वरळीतल्या नव्या टॉवरमधली ४८० चौरस फुटांची गुंतवणूक म्हणून घेतलेली सदनिका माफ होते आणि मानखुर्द किंवा दहिसरच्या जुन्या इमारतीत ५२० फुटांत राहणाऱ्या सहा जणांच्या कुटुंबाला देयक येते. हा कुठला न्याय? याच शहराने याआधीही असाच एक घोटाळा निस्तरला आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि कर भाड्याच्या हिशेबाने लागत असल्याने जुन्या इमारतींचा करही गोठला. मोक्याच्या जागी नाममात्र कर आणि उपनगरातल्या नव्या घराला जबर कर, अशी विषमता साचली. ती मोडण्यासाठी २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरचा दर, क्षेत्रफळ, वापर आणि इमारतीचे वय यांवर, कर बसू लागला. जागेची किंमत जास्त त्याला कर जास्त, हे तत्त्व आपण स्वीकारले आणि बारा वर्षांत सरसकट माफीने त्यालाच छेद दिला. सवलत द्यायचीच तर ती स्वतः राहत्या एकाच घराला, घराच्या मूल्याची मर्यादा घालून द्यावी. घर आहे पण उत्पन्न नाही अशा वृद्धांना घर विकले जाईपर्यंत कर पुढे ढकलण्याची मुभा द्यावी.

दुसरा आक्षेप पालिकेच्या ठेवींचा. ऐंशी हजार कोटींच्या ठेवी असताना आमच्याकडून कर कशाला, असे विचारले जाते. या ठेवींपैकी मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचा, कंत्राटदारांच्या अनामत रकमांचा आणि ठरलेल्या प्रकल्पांसाठी राखलेला आहे. हाती घेतलेल्या कामांची देणी ठेवींहून कितीतरी मोठी आहेत आणि गेल्या काही वर्षांत ठेवी घटत चालल्या आहेत. ठेव मोडून पूल एकदा बांधता येतो. सफाई कामगाराचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. साठवलेले दागिने मोडून रोजचा किराणा भरणाऱ्या घराला कोणी श्रीमंत म्हणत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत रास्त आहे: रस्त्यात खड्डे, नळाला पाणी नाही, टक्केवारी उघड चालते, मग कर भरायचा कशाला? संताप खरा आहे, पण उपाय उलटा आहे. कर न भरल्याने टक्केवारी घेणाऱ्याचे काही अडत नाही, त्याचे पैसे मोठ्या कंत्राटांतून निघतात. अडते ते दवाखान्यातल्या औषधांचे आणि शाळेतल्या शिक्षकाचे. शिवाय कर बुडवण्याची ताकद सर्वांना सारखी नाही. सामान्य सदनिकाधारक मुदतीत पैसे भरतात, कारण थकबाकीवर महिन्याला दोन टक्के दंड चढतो. बडे थकबाकीदार कोर्टात जातात, वर्षानुवर्षे रक्कम अडकवतात आणि एखाद्या अभय योजनेत दंडमाफी मिळेल याची वाट पाहतात. प्रशासनाची ढिलाईही कमी नाही: भांडवली मूल्याच्या २०१० च्या नियमांतले काही नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला आणि सदोष नियमांनी काढलेल्या देयकांचा घोळ पालिकेच्या गळ्यात पडला. म्हणून प्रामाणिक करदात्याने कर रोखण्याऐवजी पावती हातात घेऊन जाब विचारावा. देयक भरणाऱ्याच्या प्रश्नाला जे वजन असते, ते माफी स्वीकारणाऱ्याच्या तक्रारीला राहत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. माफीची मर्यादा एक फूटही वाढवू नये आणि आहे ती सरसकट माफी मूल्याधारित सवलतीत बदलावी. प्रत्येक देयकासोबत त्या विभागात किती कर जमा झाला आणि तिथल्या रस्ते, पाणी, कचरा, दवाखाने यांवर किती खर्च झाला, याचे एक पान मराठीत छापून द्यावे. मोठ्या थकबाकीदारांची यादी रकमेसह दर तिमाहीला विभाग कार्यालयाच्या दर्शनी भागात लावावी आणि दंडमाफीचा प्रत्येक निर्णय सभागृहात उघड मतदानाने व्हावा. अधिमूल्याचा पैसा रोजच्या खर्चात न घालता, ज्या विभागात इमारत उभी राहिली तिथल्याच पाणी, रस्ते आणि मोकळ्या जागांसाठी राखून ठेवावा. आणि मत मागायला येणाऱ्या कोणत्याही उमेदवाराने ‘कर माफ करतो’ असे म्हटले, तर त्याला दारातच विचारावे: ही तूट कोण भरणार, आणि जो भरेल त्याच्यापुढे तुम्ही आमच्या वतीने मान वर करून कसे बोलणार? याचे उत्तर नसेल, तर त्याला मत देऊ नका.