‘साठी, बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नका

मुळशी तालुक्यातल्या भरे येथून एका भगिनीचं पत्र आलं आहे. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. गेल्या चार महिन्यांपासून आमटीत दोनदा मीठ पडतं, गॅस चालूच राहतो, नातवाला काकाच्या नावानं हाक मारली जाते. शेजारणी म्हणतात, म्हातारचळ आहे, त्याला इलाज नाही. पुण्याला नेऊन दाखवण्यात अर्थ आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर आधी देते. अवश्य न्या, आणि लवकर न्या. का, ते सांगते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. दाराब दस्तूर हे मेंदूच्या रोगांचे मोठे संशोधक होऊन गेले. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा किंवा मृत्यूनंतर तपासायला मिळालेला मेंदू घ्यायचा, त्याचे पापुद्र्याहूनही पातळ काप करून रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, असं हे चिकाटीचं काम. अमेरिकेत वृद्धांवर झालेल्या एका अभ्यासातही ते होते. तो १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की पासष्टी ओलांडलेल्या पण धडधाकट पुरुषांच्या मेंदूत रक्त जवळजवळ तरुणांइतकंच खेळत होतं आणि प्राणवायूही तेवढाच वापरला जात होता. कमी पडत होतं ते रोग जडलेल्यांच्या मेंदूत. म्हणजे दोष वयाचा नव्हे, रोगाचा!

आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांतल्या सात-आठ जणांना स्मृतिभ्रंश असतो, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात बायकांचं प्रमाण जास्त आहे. पण मग उरलेल्या ब्याण्णवांची बुद्धी शाबूत असते, नाही का?

डॉ. दस्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली कवटीच्या आत वाढलेल्या गाठींच्या १००० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या पुष्कळ गाठी क्षयाच्या होत्या. गाठ म्हटली की आपण धसका घेतो, पण क्षयाची गाठ बहुधा औषधांनी विरते. मेंदूच्या आवरणावरची काही गाठ कॅन्सरची नसते, हळूहळू वाढते. ती कपाळामागे असली तर माणूस विसराळू, उदास, बेफिकीर होतो आणि घरच्यांना वाटतं, वय झालं! अशी गाठ शस्त्रक्रियेनं काढता येते.

गाठच असेल असं मात्र मुळीच नाही. थायरॉइड मंदावणं, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या, न्हाणीघरात पडल्यावर कवटीत हळूहळू साचलेलं रक्त, या सगळ्यांनी डोकं असंच गोंधळतं. आणि या सगळ्यांवर उपचार आहेत.

म्हणून आधी जवळच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. मग ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. गरज असेल तर ते स्कॅन सांगतील. जाताना एका वहीत लिहून न्या: विसर कधीपासून, किती वेगानं वाढला, अलीकडे पडल्या होत्या का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. सकाळी डोकं दुखून उलटी होत असेल, पहिल्यांदाच आकडी आली असेल किंवा एक हात-पाय लुळा पडत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

तपासण्यांनंतर अल्झायमर निघाला तर? १९०६ साली डॉ. अल्झायमर यांनी मेंदूतले हे बदल प्रथम दाखवले, ते पन्नाशीतल्या एका बाईच्या मेंदूत. हा रोग मुळापासून बरा होत नाही, पण काही औषधांनी थोडा आधार मिळतो. बाकी घरच्यांच्या हाती. रोजचा क्रम तोच ठेवा, वस्तूंच्या जागा बदलू नका, गॅस सिलिंडरपाशी बंद करत जा. “आत्ताच तर सांगितलं!” असं म्हणून चारचौघांत टोकू नका. त्या मुद्दाम करत नाहीत, हे घरातल्या पुरुषांना आणि मुलांनाही समजावून सांगा.

आणि हे सारं एकट्या सुनेवर पडू देऊ नका. नणंदेनं, दिरानं, मुलानं पाळ्या वाटून घ्याव्यात. आजारी माणसाला सांभाळणारीही माणूसच असते, नाही का?