गृहारोग्य : चेहऱ्यावरील वयाचे डाग

पन्नाशी उलटली म्हणजे गालांवर, कानशिलांवर आणि हातांच्या पाठीवर तपकिरी, सपाट डाग दिसूं लागतात. घरांतील कोणी त्यांस वांग म्हणतें, कोणी पित्ताचे डाग समजून पथ्य सांगतें. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील वडील बाईंनीं, नातवाच्या मुंजीपूर्वीं हे डाग जावेत म्हणून, शेजारणीच्या सांगण्यावरून मलमाची एक नळी आणविली. तीन आठवड्यांत चेहरा इतका उजळला कीं दोन्ही सुनांनींही तीच नळी लावण्यास आरंभ केला. मुंज आटोपल्यावर मलम थांबविलें मात्र, तों तिघींचेही चेहरे लाल होऊन आग होऊं लागली, पुटकुळ्या उठल्या, आणि सासूबाईंचे डाग पूर्वींपेक्षां गडद झाले. असा प्रसंग इतर घरीं येऊं नये, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम हे डाग कशाचे, तें पाहूं. ते पित्ताचे नव्हेत; त्यांचें मुख्य कारण ऊन होय. सूर्याच्या अतिनील किरणांपासून बचाव व्हावा म्हणून त्वचा मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य तयार करते. वर्षानुवर्षें ऊन लागलेल्या जागीं तें अधिक प्रमाणांत सांठतें, आणि डाग पडतो. झांकलेल्या अंगावर असे डाग क्वचितच आढळतात, याचें कारण हेंच. वांग निराळा. तो बहुधा दोन्ही गालांवर सारखा व पसरट असतो आणि गरोदरपणांत पुष्कळदां उद्भवतो. दोहोंचे उपचार एक नसल्यामुळें आधीं त्वचारोगतज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी.

आतां त्या नळीविषयीं. अशा मलमांत बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टेरॉइड हीं तीन औषधें एकत्र असतात. १९७५ सालीं क्लिगमन व विलिस यांनीं असा योग प्रथम प्रसिद्ध केला. तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं ठराविक आठवडेच लावल्यास तो उपयोगी पडतो. परंतु महिनोन् महिने लावल्यास स्टेरॉइडमुळें त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसूं लागतात व चेहऱ्यावर लव वाढते. हायड्रोक्विनोनमुळें कधीं कधीं न जाणारा काळानिळा रंग चढतो. गरोदर स्त्रीनें तर ट्रेटिनॉइन लावूंच नये. २०१८ सालीं भारत सरकारनें त्वचेवर लावावयाचीं अनेक स्टेरॉइडें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. पण शेजारच्या घरून आलेल्या नळीस चिठ्ठी कोण विचारतो? ज्यांनीं असें मलम बरेच दिवस लावलें असेल, त्यांनीं तें आपल्या मतानें एकाएकीं न थांबवितां वैद्याचा सल्ला घ्यावा.

घरगुती उपायांतही तारतम्य हवें. डाळीचें पीठ व साय यांनीं चेहरा स्वच्छ व मऊ होईल, डाग जाणार नाहींत. लिंबाचा रस मात्र लावूंच नये. तो लावून उन्हांत गेल्यास त्वचा भाजते आणि नवा डाग पडतो.

मग करावें काय? सकाळीं १० ते दुपारीं ४ पर्यंतचें ऊन टाळावें. छत्री किंवा डोक्यावरून पदर घ्यावा. ३० किंवा अधिक एसपीएफचें सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीइतकें घेऊन चेहऱ्यास व मानेस लावावें, आणि बाहेर असतां दर दोन तासांनीं पुन्हा लावावें. खिडकीच्या कांचेंतूनही कांहीं अतिनील किरण आंत येतात, हें लक्षांत असावें. कोणतेंही नवें मलम आधीं कोपराच्या आंतील बाजूस थोडे दिवस लावून पाहावें. पापण्यांची त्वचा सर्वांत पातळ, तेथें तें लावूं नये. सौम्य उपचारांस कित्येक महिने लागतात. लेसरनें किंवा गोठवून डाग काढतां येतात, तरी आपल्या सांवळ्या वर्णावर त्यानें काळा वा पांढरा व्रण राहण्याचा संभव असतो. म्हणून अनुभवी हातच शोधावा.

डागाच्या कडा वेड्यावांकड्या असल्या, त्यांत दोनतीन रंग दिसले, तो झपाट्यानें वाढूं लागला किंवा त्यांतून रक्त आलें, तर एक दिवसही न दवडतां दाखवावें. असा डाग क्वचित् कर्करोगाचाही असतो.

त्या तिघींच्या चेहऱ्यांची आग शमण्यास कित्येक महिने लागले. सासूबाईंचे डाग थोडे फिके झाले आहेत, गेलेले नाहींत. त्या आतां छत्रीवांचून देवळास जात नाहींत, आणि सुनांसही जाऊं देत नाहींत.