गमावलं म्हणून टिकलं

उत्क्रांतीने जिवांना नवं काय दिलं, याचीच आपण मोजदाद करतो. माशांची जनुकं पाहिली की काय गेलं, याचाही हिशेब मांडावा लागतो.

आजच्या बहुतेक माशांच्या समान पूर्वजात, ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, अख्खा जीनोमच दुप्पट झाला. एकेका जनुकाच्या दोन-दोन प्रती झाल्या. अशा वेळी एक प्रत जुनं काम सांभाळते आणि दुसरी नवं काम पत्करायला मोकळी होते, असं जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी १९७० मध्ये मांडलं होतं. पण उपयोगी नवं काम लाभणं दुर्मीळ. तेव्हा जादा प्रती जवळजवळ सगळ्याच निकामी व्हायला हव्या होत्या. बऱ्याच झाल्याही, भ्रूण घडवणाऱ्या जनुकांच्या कितीतरी जोड्या मात्र टिकल्या. का?

१९९९ मध्ये ॲलन फोर्स, मायकेल लिंच, जॉन पोस्टलथवेट आणि सहकाऱ्यांनी दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. असं जनुक शरीरात अनेक ठिकाणी काम करतं आणि ठिकाणागणिक त्याचा स्विच वेगळा असतो. एका प्रतीतला एक स्विच बिघडला, दुसरीतला दुसरा, की जुनं काम दोघी मिळूनच पार पाडतात. मग एकीलाही सोडता येत नाही. उंदरात एन्ग्रेल्ड-१ हे एकच जनुक पायांच्या अंकुरात आणि चेतापेशींतही चालतं. झेब्राफिश या माशात एक प्रत छातीजवळच्या परांच्या अंकुरात, दुसरी चेतापेशींत.

एमआयटीएफ जनुकाचंही तसंच. झेब्राफिशमध्ये त्याची एक प्रत बंद पडली की अंगावरच्या काळ्या रंगपेशी नाहीशा होतात, डोळे मात्र काळेच राहतात. तिथे दुसरी प्रत काम करते. माणसात याच जनुकाच्या बिघाडाने बहिरेपण आणि रंगद्रव्याचे दोष असलेला वार्डेनबर्ग सिंड्रोम होऊ शकतो. म्हणूनच आपल्या आजारांच्या अभ्यासासाठी या माशाकडे वळताना एक प्रत बंद करून ‘काहीच बिघडलं नाही’ म्हणणं घाईचं ठरतं.

झेब्राफिश मूळचा आपल्याच उपखंडातला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं. राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या धड्यात त्याला जागा मिळावी. उत्क्रांती म्हणजे सुधारणाच, हा समज पक्का होण्याआधी मुलांना कळायला हवं की बिघाडामुळेही दोन जनुकं एकमेकांवाचून अपुरी ठरतात आणि त्या अपुरेपणामुळेच कोट्यवधी वर्षं तगतात.