बिनदारूची बिअर: आग्रहावर उतारा

आपल्या पार्ट्यांचा शिरस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. बायका-मुलं वर, पुरुषमंडळी बेसमेंटमध्ये आणि "अरे, एक तरी घे!" हा आग्रह. पंगतीतला जिलबीचा आग्रह आपण बिअरपर्यंत आणून ठेवला आहे! मीही त्याला बळी पडत असे. गेल्या वर्षी तपासणीत यकृतावर चरबी निघाली आणि डॉक्टरांनी दारू बंद केली. पुढच्या पार्टीत कोक घेऊन बसलो तर तासभर चौकशी चालली. त्यापुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून ०.० बिअर नेली. हातात बाटली दिसली, कोणी काही विचारलं नाही.

ही बिअर तशी जुनीच. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात (१९२० ते १९३३) 'निअर बिअर' विकली जात असे. आता ती चवीला पुष्कळ सुधारली आहे. बऱ्याच कंपन्या नेहमीची बिअर बनवून कमी दाबाखाली, बेताच्या उष्णतेवर तिच्यातलं अल्कोहोल काढून टाकतात. हे काम खर्चाचं असल्यामुळे ती स्वस्त मिळेल अशी आशा नको. दारूवरचा फेडरल कर तिला लागत नाही, पण बड्या कंपन्यांच्या बिअरवर तो बाटलीमागे जेमतेम पाच सेंट असतो!

लेबल मात्र नीट वाचावं. 'नॉन-अल्कोहोलिक' म्हणजे ०.५ टक्क्यापेक्षा कमी. 'अल्कोहोल-फ्री' म्हणजे शून्य. गरोदर स्त्रियांनी आणि व्यसन सोडलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेह आपल्याकडे घरोघरी आहे, तेव्हा कार्बोहायड्रेटचा आकडाही पाहावा.

पण माझ्या मते खरा हिशेब घरी परततानाचा आहे. मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात आणि स्टिअरिंगवर "फक्त दोनच घेतल्या" म्हणणारे आपण! अपघाताची गोष्ट सोडा. २०१५ पासूनच्या परराष्ट्र खात्याच्या धोरणानुसार, पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी, खटल्याचा निकाल लागण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. मग भारतात आई-वडिलांना भेटायला गेलं, की परत यायला नवा व्हिसा मिळेपर्यंत जीव टांगणीला. एका आग्रहापोटी ही जोखीम कशाला?

तेव्हा यजमानांना विनंती: पुढच्या पार्टीत कूलरमध्ये सहा बाटल्या याही ठेवा. आणि कोणी त्यातली उचलली, तर "का रे?" विचारू नका.