झेडपीची मीटिंग आणि आपला कोड रिव्ह्यू

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मित्रांना मी हल्ली एक प्रश्न विचारतो. तुझं ऑफिस कुठल्या महापालिकेत येतं रे? निम्मे ठोकून देतात, 'पुणे'. जरा हुशार असतात ते म्हणतात, 'पिंपरी-चिंचवड'. दोन्ही उत्तरं चूक. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं एक गाव. २०२५ च्या पावसाळ्यात तिथल्या रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि 'हे आता महापालिकेत घ्या' अशी ओरड सुरू झाली, तेव्हाही गावाला ग्रामपंचायतच होती. (आयटी पार्कातले रस्ते वगैरे एमआयडीसीचे, ते प्रकरण वेगळं.) म्हणजे काचेच्या इमारतीत बसून सातासमुद्रापारच्या क्लायंटचा सर्व्हर वर ठेवणारा आमचा मित्र त्या दिवशी पुणे जिल्हा परिषदेच्या हद्दीत बसलेला होता, आणि त्याला याचा पत्ताही नव्हता.

तर आजचा विषय झेडपी. झोप येणारा विषय आहे, कल्पना आहे मला. चहा घेऊन बसा.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ ला. त्याआधी वसंतराव नाईक समितीने अहवाल दिला, १९६१ साली कायदा झाला. आज राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत, कारण मुंबईचे दोन जिल्हे पूर्ण शहरी, तिथे झेडपी नाही. आणि ही झेडपी करते काय? गावातली प्राथमिक शाळा तिची. प्राथमिक आरोग्य केंद्र तिचं. गुरांचा दवाखाना, गावाला जोडणारा छोटा रस्ता, नळपाणी योजना, अंगणवाडीची इमारत. थोडक्यात, टीव्हीवर कधीच न दिसणारं सगळं काही.

हे सगळं चालतं ते मीटिंगवर. सर्वसाधारण सभा निदान तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी, स्थायी समिती त्याहून लवकर लवकर बसते. शिवाय शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, पशुसंवर्धन, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशा समित्या. विषयपत्रिका वाचली तर माणूस आडवा होईल. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग अमुक रस्त्याच्या कामास प्रशासकीय मान्यता देणे, तमुक शाळेची धोकादायक खोली निर्लेखित करणे (म्हणजे पाडायला परवानगी देणे, सरकारी मराठीला साष्टांग नमस्कार!), औषध खरेदीच्या खर्चास मंजुरी देणे. आणि शेवटी सगळ्यांचा आवडता विषय: मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. खरी गंमत बहुतेक वेळा तिथेच असते.

आता आपल्या धंद्यातलं उदाहरण घेऊ. तुम्ही कोड लिहिता. तो सरळ प्रॉडक्शनला जात नाही. तुम्ही पुल रिक्वेस्ट टाकता (पु.लं.चा काही संबंध नाही :-) ), दुसरा कोणीतरी तो बघतो, 'हे असं का?' विचारतो, तुम्ही वैतागता, दुरुस्त करता, मग मर्ज होतो. रिव्ह्यू करणारा तुमच्यापेक्षा हुशार असतोच असं नाही. बऱ्याचदा तो फक्त वाचून 'ठीक आहे' म्हणतो. तरीही कुठल्याही बऱ्या टीममध्ये एक नियम असतो: ज्याने लिहिलं त्यानेच अप्रूव्ह करायचं नाही. कारण कोणीतरी वाचणार आहे हे माहीत असलं की माणूस मुळात लिहितानाच नीट लिहितो.

झेडपीची मीटिंग म्हणजे हेच आहे. प्रस्ताव कोण करतं? खाती. शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो, वर तांत्रिक मान्यता होते, फाईल फिरते. या सगळ्या यंत्रणेच्या डोक्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ. ते बहुतेक वेळा आयएएस असतात. आणि रिव्ह्यू कोण करतं? निवडून आलेले पन्नास ते पंचाहत्तर सदस्य. त्यांतले निम्मे झोपतात, काही जण फक्त आपल्या गटातल्या रस्त्याबद्दल बोलतात, काहींचे मेहुणे कंत्राटदार असतात. मान्य. सगळं मान्य. पण ते दुसरे आहेत. लिहिणारे आणि तपासणारे वेगळे आहेत, हा त्यातला मुद्दा.

मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या २५ जिल्हा परिषदांची आणि २८४ पंचायत समित्यांची मुदत संपली. निवडणूक झाली नाही. ओबीसी आरक्षणाचा खटला, सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल, गट किती असावेत यावर दोन सरकारांनी केलेले उलटसुलट बदल, पुन्हा न्यायालय, तारखांवर तारखा. त्या कारणांत मी शिरत नाही, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि त्यात प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडेच आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. ते चार महिनेही पुरले नाहीत, मुदत जानेवारी २०२६ अखेरपर्यंत वाढवावी लागली. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असं खुद्द राज्यघटनेत आहे, कलम २४३-ई. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू झाली तीच मुळी राज्यं या निवडणुका वाटेल तेवढ्या लांबवायची म्हणून!

मग मधल्या काळात काय झालं? सीईओ हेच प्रशासक झाले. पंचायत समितीत गटविकास अधिकारी प्रशासक. सर्वसाधारण सभेचे, स्थायी समितीचे सगळे अधिकार त्यांच्याकडे. म्हणजे बघा, अर्थ समितीचे सभापती मार्चमध्ये बजेट मांडायचे आणि सभागृह त्यावर भांडायचं. आता कॅफो (मुख्य लेखा व वित्त अधिकारी) बजेट तयार करणार, सीईओंसमोर ठेवणार आणि सीईओ प्रशासक म्हणून ते मंजूर करणार. प्रस्तावावर एक सही सीईओ म्हणून, मंजुरीवर दुसरी सही प्रशासक म्हणून. पेन तेच.

सेल्फ-अप्रूव्ह्ड पुल रिक्वेस्ट. आणि तीही एखाद्या रात्री प्रॉडक्शन पडलं म्हणून नाही, तर सलग तीन वर्षांहून जास्त काळ, २५ जिल्ह्यांत.

हे मी ऑफिसात जेवताना बोललो तर एक मित्र म्हणाला, "बरंच झालं की! ते सदस्य नुसते पैसे खातात. आयएएस माणूस निदान शिकलेला तरी असतो." टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या वर्गाचं हे लाडकं मत आहे. एक हुशार, स्वच्छ, टापटीप माणूस बसवा, डॅशबोर्ड द्या, कटकट नको. यात थोडं तथ्यही आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. काही जिल्ह्यांत या काळात अधिकाऱ्यांनी चांगली कामं केली असतील, फायली झरझर हलल्या असतील. सभागृहात तीन-तीन तास 'माझ्या गटाला निधी कमी का' एवढ्याच विषयावर होणारी खडाजंगी टळली. महिला सदस्यांच्या जागी त्यांचे यजमानच बोलायचे, तो तमाशाही थांबला (२०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत, आणि 'झेडपी पती' ही जमातही तेव्हापासून फोफावली).

पण मित्राच्या बोलण्यात एक गोष्ट सुटते. अधिकारी चांगला असला तर कोणी प्रश्न विचारला नाही म्हणून बिघडत नाही, हे खरं. पण अधिकारी चांगला आहे की नाही हे कळणार कसं? तेही प्रश्न विचारूनच ना? दोन-तीन वर्षांत त्यांची बदली होते. नवे साहेब येतात, ते वेगळ्या स्वभावाचे. गावाला निवडीत काही म्हणता येत नाही आणि काढायचं तर तेही हातात नाही.

माझ्या आजोळचं उदाहरण सांगतो. जिल्ह्याचं नाव मुद्दाम घेत नाही. तिथे झेडपीची शाळा आहे, चौथीपर्यंत. दोन खोल्यांवरचे पत्रे गळतात. मामा शाळा व्यवस्थापन समितीत आहे. पूर्वी असं काही झालं की तो गटाच्या सदस्याला लग्नात गाठायचा. अक्षरशः पंगतीत. चार लोकांसमोर त्याला म्हणायचा, "काय हो, मतं मागायला आलात तेव्हा पाऊस नव्हता वाटतं?" सदस्य काही संत नव्हता, पण पुढच्या सभेत उभा राहून तो ओरडायचा. त्याला ओरडावंच लागायचं, पुढच्या वेळी तीच पंगत आणि तोच मामा! तर २०२३ साली मामाने अर्ज केला. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून उत्तर आलं की प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर करण्यात आला आहे. पुन्हा अर्ज. पुन्हा तेच. मामाने मला फोन केला, "तू कॉम्प्युटरवाला ना? बघून सांग, 'वर' म्हणजे नक्की कोण?" मी वेबसाईट उघडली. सुंदर होती. सेवा हमी, छायाचित्र दालन, सगळं होतं. सभांचं इतिवृत्त मात्र सापडलं नाही. 'वर' कोण बसलंय ते मी मामाला सांगू शकलो, नाव आणि पद दोन्ही होतं. पण ते कुठल्या लग्नात भेटतील हे सांगता येईना.

हे फक्त एका शाळेच्या पत्र्यांपुरतं असतं तरी मी एवढं लिहिलं नसतं. याच्या गाठी पुढे जातात. जिल्ह्याचा पैसा कुठे जाणार हे ठरवणारी जिल्हा नियोजन समिती असते. राज्यघटनेनुसार तिचे किमान चार पंचमांश सदस्य झेडपी आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत. तेच नसतील तर समितीत उरतं कोण? पालकमंत्री, आमदार-खासदार आणि अधिकारी. दुसरं, १५ व्या वित्त आयोगाचा पैसा. महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समित्यांना आणि १० टक्के झेडपीला असं वाटप ठरलं होतं. हा पैसा रीतसर निवडून आलेल्या संस्थांसाठी आहे, तशी केंद्राची अटच आहे. म्हणजे रिव्ह्यूअर नाही म्हणून बिल्डचे पैसेही अडकतात. ज्यांना अजूनही 'बरंच झालं' वाटतं त्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

आणि हो, हसू नका गावाला. मार्च २०२२ मध्येच पुणे आणि मुंबई महापालिकांचीही मुदत संपली आणि तिथेही प्रशासक बसले. तुमच्या सोसायटीसमोरचा खड्डा कोणाला दाखवायचा हे त्या काळात तुम्हालाही माहीत नव्हतं. तुम्ही त्याचा फोटो काढून ट्विटरवर टाकत होतात आणि त्याला लाईक्स मिळत होते. सोसायटीच्या एजीएमला मात्र आपण पार्किंगच्या रंगाचा खर्च कोणी मंजूर केला म्हणून दोन तास सेक्रेटरीचा जीव खातो. तिथे आपल्याला इतिवृत्त हवं असतं, कोटेशनं तीन हवी असतात, आणि सेक्रेटरीने स्वतःच काम काढून स्वतःच मंजूर केलं तर आपण रजिस्ट्रारकडे जातो. म्हणजे तत्त्व आपल्याला चांगलं कळतं. ते आपल्या जिन्याच्या बाहेर पडत नाही एवढंच.

निवडणूक लांबली तर प्रशासक नेमण्याला पर्याय नसतो, हे मला कळतं. पगार थांबवता येत नाहीत, औषधं थांबवता येत नाहीत. पण मग त्या काळासाठी नियम ढिले कशाला? ते आणखी कडक हवेत. प्रशासकाने सभागृहाचे अधिकार वापरून केलेला प्रत्येक ठराव, त्याचा क्रमांक, रक्कम आणि कारण, आठवडाभरात वेबसाईटवर यायला हवा. यासाठी नवा कायदाही नको. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ हेच सांगतं, २००५ पासून, की माहिती कोणी मागायच्या आधी आपणहून जाहीर करा. आणि तांत्रिकदृष्ट्या हे किती अवघड आहे? एक टेबल, पाच कॉलम, एक पीडीएफ. ट्रेनी मुलगा दुपारपर्यंत करून देईल, वर चहाला वेळ उरेल.

सदस्य निवडून येतात तेव्हा नव्या सभागृहाच्या विषयपत्रिकेवर तो विषय असतोच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. एरवी यावर कोणी बोलत नाही, 'मंजूर, मंजूर' म्हणतात आणि पुढे जातात. माझी इच्छा अशी की कुठल्यातरी गटातल्या पहिलटकर सदस्याने, शक्यतो एखाद्या बाईने आणि यजमानांना बाहेर बसवून, तिथे हात वर करावा आणि विचारावं, "मागील सभा म्हणजे कुठली, साहेब? २०२२ सालची? की त्यानंतर एकाच खुर्चीत झालेल्या? त्यातल्या सगळ्या ठरावांची यादी टेबलावर ठेवा, मग कायम करू." मामाच्या शाळेचे पत्रे त्या यादीत कुठे असले तर तेही कळेल.