कर्ज फेडताना गाठीला चार पैसे हवेतच

कापसाचा चुकारा हाती आला की हिंगणघाट, पुलगाव, आर्वीच्या बाजारात गर्दी होते. वर्षभराची उधारी याच दिवसांत वसूल होते, म्हणून आम्हा कापडवाल्यांनाही हे दिवस महत्त्वाचे. पुष्कळ माणसे इमानदारीने येतात आणि हाती असेल ते सारे दुकानदारांना देऊन मोकळी होतात. मग पंधरा दिवसांत घरात कोणी आजारी पडते, आणि तोच माणूस शेकडा तीनने खाजगी कर्ज काढतो. बिनव्याजी देणे फिटले, व्याजाचे डोक्यावर बसले. याला कर्जफेड कसे म्हणावे?

‘आधी कर्ज, मग बचत’ हे ऐकायला बरोबर वाटते. आमचे मत मात्र असे की दोन्ही गोष्टी सोबतच चालल्या पाहिजेत.

हिशेब करून पाहू. वीस हजारांच्या कर्जावर शेकडा तीनने महिन्याला ६०० रुपये व्याज होते, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. घरातून महिन्याला २,००० रुपये फेडीसाठी निघतात असे धरा. त्यातले ३०० बाजूला ठेवले तर त्यापायी पुढच्या महिन्याला ९ रुपये व्याज जास्त पडेल. दहा महिन्यांत ३,००० जमतील, तेव्हा हा बोजा महिन्याला ९० रुपयांवर जाईल. म्हणून या शिल्लकेलाही मर्यादा हवी. एका महिन्याचा किराणा आणि दवाखान्याची एक फेरी भागेल एवढी रक्कम जमली की थांबावे. त्यानंतरचा प्रत्येक रुपया व्याजाच्या कर्जात जावा. शिल्लक खर्च झाली तर आधी ती भरून काढावी.

काही बंधू म्हणतात, साठवणे म्हणजे अल्लाहवरचा भरवसा कमी असणे. हे बरोबर नाही. हजरत यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळासाठी धान्य राखायला सांगितले. प्रेषित (स.) आपल्या घरच्यांसाठी वर्षाचे धान्य ठेवीत, असे बुखारीच्या हदीसमध्ये आले आहे.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. सेवाग्रामला १९६९ साली मेडिकल कॉलेज निघाले. पुढे तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने खेड्यांसाठी आरोग्य विमा सुरू केला. त्यात सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने कुवतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि आजारपणात सवलतीने उपचार घ्यायचे, अशी रीत होती. पीक घरात आल्यावरच आजारपणाचा वाटा काढून ठेवायचा, हे त्यामागचे शहाणपण.

सरकारी माफीवर विसंबूनही चालणार नाही. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या शेतीच्या संस्थात्मक कर्जासाठी होत्या. लग्नाचे, दवाखान्याचे, दुकानाचे देणे त्यात बसले नाही.

ही शिल्लक भिशीत टाकू नये. भिशीत नंबर चिठ्ठीने लागतो, आजारपण चिठ्ठीची वाट पाहत नाही. पोस्टात किंवा बँकेत घरच्या बाईच्या नावे वेगळे खाते असावे. बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते संरक्षण नाही. खात्यावर पडणारे व्याज आपल्या खर्चात न घेता गरिबाला देऊन टाकावे.

आता आम्हा दुकानदारांविषयी. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, आणि २८० व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याचा. गिऱ्हाइकाने तोंड न चुकवता किती आणि केव्हा देणार ते खातेवहीत लिहून द्यावे. दुकानदाराने सुगीत निम्मे घेऊन बाकीचे हप्त्याने घ्यावे. वसुली लांबेल, पण गिऱ्हाईक टिकेल. सावकाराच्या तावडीत सापडलेला माणूस पुढच्या ईदला नवे कापड घ्यायला येत नाही.

ज्यांच्याजवळ बाजूला काढायला काहीच उरत नाही, त्यांचे काय? सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यात कर्जदारही आहेत. मोहल्ल्याच्या बैतुलमालने त्यांचा हिशेब आधी पाहावा. जकात निघते रमजानमध्ये, पण दवाखान्याची वेळ कोणत्याही महिन्यात येते. म्हणून त्यातला काही भाग या कामासाठी राखून ठेवावा, एवढी आमची मोहल्ल्यातील जबाबदार मंडळींना विनंती आहे.